घुमट आरती लावा, मग स्पीकर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ तोंडावर आली की पणजी-मडगावच्या दुकानांत स्पीकर दणाणू लागतात. गिऱ्हाईक दोन जोड्या ऐकते, 'हा भरदार' म्हणते आणि पैसे मोजते. बहुधा ती जोडी जरा मोठ्याने वाजत असते, एवढेच. अँप्लिफायरची कळ न हलवता ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर ८६ वाल्यापेक्षा ३ डेसिबल मोठा वाजतो. दुसऱ्यातून तेवढा आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. कान मात्र मोठ्या आवाजालाच दर्जा समजून बसतो. तेव्हा बसायच्या जागी कानाच्या उंचीवर मोबाइल धरून, ध्वनिमापक ॲपने दोन्ही जोड्या आधी सारख्या करून घ्याव्यात. ॲप अचूक नसले तरी बिघडत नाही, तुलना एकाच फोनवर होते. मापताना गाणे नको, पिंक नॉइजचा एकसारखा खरखराट लावावा.

दुकानाचे 'डेमो' गाणे बाजूला ठेवून घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेल्या आरतीचे, साधे ध्वनिमुद्रण न्यावे. घुमट, शामेळ या ढोलासारख्या वाद्याच्या काठ्या, कासाळे (झांजा) आणि मधे माणसांचे गळे: खर्जापासून वरपर्यंतची सगळी परीक्षा त्यात होते. घुमटाची थाप न् थाप सुटी ऐकू यावी. सगळ्यांची मिळून गुरगुर झाली तर बास फुगवलेला आहे. कासाळे पहिल्या मिनिटाला लखलखीत आणि पंधराव्याला टोचरे वाटले तर ट्वीटर (बारीक, उंच सूर काढणारा छोटा स्पीकर) चढा आहे. म्हणून अर्धा तास तरी बसावेच. मुख्य गायक दोन पेट्यांच्या मधोमध उभा वाटायला हवा. तो विस्कटला आणि बासही गळाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. त्या बदलून पुन्हा ऐकावे.

घरी आणल्यावर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आडव्या येतात. टाळी वाजवून बघा, मागून 'झण्ण' आले तर आवाज भिंतींवर आपटून परततो आहे असे समजा. परदेशी सल्ला जाड गालिचाचा. आपल्याकडे पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. त्यापेक्षा जाड पडदे, पुस्तकांचे कपाट बरे. पेट्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, पोर्ट (पेटीचे हवेचे भोक) मागे असेल तर आणखी पुढे. कोपऱ्यात तर नकोच. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत असावा.

स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची कड कोणी पाहतच नाही. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन झडते; रबराची टिकते. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची) पेटी ओल लागली की फुगते, त्यामुळे ती फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल वॅटचा) हजारोंचा आकडा वाचूही नये, आरएमएस (सतत पेलणारे वॅट) विचारावा.

दुकानदारांना विनंती: कड रबराची की फोमची ते किमतीच्या चिठ्ठीवर लिहा, आणि अनामत घेऊन का होईना, जोडी दोन दिवस घरी नेऊ द्या.

एक वाचक, म्हापसा