कॉलेजांची दप्तरे टेम्पोत घालण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, मी जिथे अनेक वर्षे इतिहास शिकवला त्या कॉलेजात पेन्शनच्या एका कागदासाठी गेलो होतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'ची समिती येणार म्हणून रंगरंगोटी चालली होती. विभागाचे जुने कपाट पोर्चमध्ये आडवे पडले होते आणि त्यातले सुतळीने बांधलेले गठ्ठे रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढत होते. मी वाकून बघतोय असे पाहून शिपाई म्हणाला, "सर, तुमकां जाय जाल्यार व्हरात." (हवे असतील तर न्या.) दोन पिशव्या भरल्या. स्कूटरवर त्याहून जास्त मावले नसते.

एका पिशवीत १९८६-८७ चा हजेरीपट निघाला. ५ जुलै १९८६ ला, शनिवारी, मांडवीवरचा पूल कोसळला. सोमवारपासून नदीपलीकडच्या बार्देशच्या मुलांपुढे ओळीने गैरहजेरीच्या फुल्या आहेत. मग त्या विरळ होतात आणि पहिल्या तासाच्या रकान्यात पेन्सिलीचे छोटे टिंब दिसू लागते. टिंब म्हणजे उशीर. ही खूण माझीच. फेरीबोटीच्या रांगेत ताटकळून आलेल्या मुलाला गैरहजर कसे मांडायचे, म्हणून तेव्हा शोधून काढलेली. पूल पडल्याची बातमी वर्तमानपत्रांच्या फाइलींत सापडेल. वर्गातली मुले नदी ओलांडून पुन्हा कधी यायला लागली, हे त्या टिंबांखेरीज कुठे सापडणार?

दुसरी वस्तू टी. वाय.च्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, एका मुलीने १९८९ साली तिसवाडीतल्या आपल्या गावच्या खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीवर, लिहिलेली वही. भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारे कोण बसवायचे, बांध फुटला तर कोणाच्या घरून माणसे निघायची, मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कशी व्हायची, खाऱ्या पाण्याला दाद न देणारे कोरगुट आणि आसगो हे भात कोणत्या तुकड्यात पेरायचे, हे सगळे तिने आजोबांच्या वयाच्या माणसांना विचारून लिहिले आहे. त्यांतले आज कोणी हयात नाही. मी त्या वहीला बी ग्रेड दिली होती, शुद्धलेखनाच्या चुकांमुळे. आता वाचताना माझीच लाज वाटते.

गोव्याला दप्तर सांभाळण्याची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. १५९५ साली पोर्तुगीजांनी इथल्या दफ्तरखान्यावर इतिहासकार दियोगु दो कूतु यांना नेमले. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. लिस्बनहून पावसाळी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या पत्रांच्या 'मोन्सोंइश'च्या जाडजूड बांधण्या आजही पुराभिलेखात आहेत, आणि त्यांत आयुष्य घालवून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंध उलगडले. पण हे झाले राज्यकर्त्यांचे कागद. म्हामाय कामत घराण्याने आपल्या व्यापाराचे पोर्तुगीज, फ्रेंच, मोडी कागद माळ्यावर ठेवले, पुढे ते पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेकडे गेले आणि अभ्यासक तिथे येऊ लागले. कोणे एके काळी त्या घरातल्या सुनेलाही ती अडगळच वाटली असणार.

गोव्यातली कला-विज्ञान शाखांची पहिली कॉलेजे १९६२ ची, म्हणजे मुक्तीच्या दुसऱ्याच वर्षीची. १९८५ ला गोवा विद्यापीठ होईपर्यंत ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावरचा जनमत कौल, अर्ध्या बसभाड्यासाठीचे विद्यार्थी आंदोलन, कोंकणी की मराठी हा राजभाषेचा वाद, या सगळ्यांत त्यांच्या आवारातली मुले होती. दोन्ही बाजूंनी होती, हेही सांगितले पाहिजे. मराठीवाल्यांनी आपलीच पत्रके जपली तर ते अर्धेच दप्तर होईल. भित्तिपत्रके, वार्षिकांक, जिमखान्याची इतिवृत्ते, एन.एस.एस. शिबिरांच्या वह्या: हे कोणी मागितल्याशिवाय सरकारी पुराभिलेखात जाणार नाही, आणि कोणी मागत नाही.

"आम्ही स्कॅन करून ठेवले आहे," असे मला ऑफिसात सांगण्यात आले. ती हार्ड डिस्क कोणाकडे आहे, हे मात्र तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. स्कॅन जरूर करा, पण म्हणून कागद टाकू नका.

लागते तरी किती? वरच्या मजल्यावरची एक खोली, संडासाच्या पाइपखाली नसलेली, कारण आमच्या पावसाळ्यात बुरशी आणि वाळवीला निमंत्रण लागत नाही. लोखंडी कपाटे, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली. एक नोंदवही. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. गठ्ठे ज्या क्रमाने बांधले होते त्याच क्रमाने ठेवावेत; विषयवार लावण्याचा उत्साह आवरावा, कारण कोणता कागद कशाशेजारी होता हीसुद्धा माहिती असते. कार्बन, झेरॉक्स आणि कोऱ्या उत्तरपत्रिका खुशाल रद्दीत जाऊ देत. सगळेच जपायचे म्हटले तर काहीच जपले जात नाही. 

माझ्याकडच्या दोन पिशव्या मी कॉलेजला परत द्यायला तयार आहे. अट एकच, नोंदवहीत नोंद करून मला पावती मिळावी. खाजनावरची वही मात्र आधी त्या मुलीला दाखवायची आहे. ग्रेडबद्दलही बोलायचे आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा