44 हजारांची अट बदला: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

रेशनवर धान्य देणाऱ्या प्राधान्य कुटुंब योजनेत बसायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपयांच्या आत लागते. ही मर्यादा 2013 सालची. सरकारच्याच दराने हिशेब करू. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये आहे. नवरा-बायकोने प्रत्येकी 71 दिवस काम केले की 44,304 रुपये होतात आणि घर अपात्र ठरते. उरलेल्या दिवसांत त्यांना काहीच काम मिळणार नाही, असे धरून चालणारी ही अट आहे.

कंत्राटी सफाई कामगाराचा पगार बँकेत जमा होतो, त्यामुळे त्याचे उत्पन्न लपत नाही; तो केशरी कार्डावर राहतो, धान्याविना. ज्याची कमाई रोखीची, त्याला 40 हजारांच्या उत्पन्नाचा दाखला मिळून जातो. अशी अट गरिबी मोजत नाही, कागद मोजते. पुढे पडताळणी निघाली की त्याच दाखल्यावर बोट ठेवून खऱ्या गरजूचेही माणशी 5 किलो धान्य बंद होते.

पात्र कुटुंबे ठरवण्याचे निकष राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 10 नुसार राज्याच्या हातात आहेत. त्यासाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. मर्यादा किमान वेतनाशी जोडा आणि दरवर्षी आपोआप वाढू द्या.

नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही, हेही खरे. राज्याचा सुमारे 7 कोटींचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळू शकणाऱ्या लोकांची ठरवून दिलेली कमाल संख्या, 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. तालुक्याचा इष्टांक भरला की सुनेचे, बाळाचे नाव कार्डावर चढते, पण धान्य सुरू होत नाही. दुकानदार सांगतो, 'ऑनलाइन दिसत नाही.' दुसरीकडे मयत, स्थलांतरित आणि ई-केवायसीत (आधारवरून होणाऱ्या ओळख पडताळणीत) वगळलेली नावे निघून जागा रिकाम्या होतात. त्या कोणाला मिळाल्या, हे गावाला कळत नाही. म्हणून प्रतीक्षायादी दर महिन्याला रास्त भाव दुकानाच्या फलकावर लावा. विधवा, दिव्यांग, भूमिहीन आणि एकटे वृद्ध यांचा क्रम आधी ठेवा. ई-केवायसीत बोटाचा ठसा उमटला नाही म्हणून नाव काढण्याआधी घरी जाऊन पाहणी आणि लेखी नोटीस सक्तीची करा.

वाढीव इष्टांकाची मागणी केंद्राकडे लावून धराच, पण वरच्या सुधारणांचा शासन निर्णय त्यासाठी थांबवू नका.

कळावे,
शिधापत्रिकांच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते