चेहरा चुकला, की संहिता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिजात कलाकृतींच्या पुढच्या भागांचा विषय निघाला की 'गॉन विथ द विंड' या चित्रपटाची पुढची गोष्ट सांगणाऱ्या 'स्कार्लेट' (१९९४) या अमेरिकी मालिकेचे नाव येतेच, आणि खापर फुटते नायिका झालेल्या जोअ‍ॅन व्हॅलीच्या डोक्यावर. 'मूळ चित्रपटातल्या व्हिव्हियन लीची सर नाही' म्हटले की झाले! निवड नेमकी कुठे चुकली, ते रंगभूषा-वेशभूषेच्या बाजूने पाहिले तर जास्त स्पष्ट दिसते.

मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड' या मूळ कादंबरीत (१९३६) पहिल्याच वाक्यात आहे, की स्कार्लेट सुंदर नव्हती. आईचा नाजूकपणा आणि बापाचा रांगडेपणा एकाच चेहऱ्यात आलेला. हनुवटी निमुळती, जबडा चौकोनी, डोळे फिकट हिरवे. वागणे घरंदाज मुलीचे, पण डोळे ते खोटे पाडणारे. म्हणजे या भूमिकेला देखणेपणा दुय्यम; ओठ एक सांगतात आणि डोळे दुसरे, हे एकाच वेळी दिसायला हवे.

चित्रपटाचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने डिसेंबर १९३८ मध्ये शेवटच्या चौघींच्या पडदा-चाचण्या घेतल्या: जीन आर्थर, जोन बेनेट, पॉलेट गोडार्ड आणि ली. प्रवेश कोणते दिले पाहा. एकात मॅमी या दासीकडून कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) आवळून घेणारी हट्टी पोर, दुसऱ्यात युद्धानंतर आपल्या आवडत्या अ‍ॅशलीला 'पळून जाऊ' म्हणणारी, पिचलेली बाई. नुसता गोड चेहरा पहिल्यात निभावतो, दुसऱ्यात उघडा पडतो. लीची एक भुवई वर जाते आणि तोंडावरचे हसू तसेच राहते. त्या भुवईतच अर्धी स्कार्लेट आहे.

तिलाही सगळे आयते मिळाले नव्हते. २५ व्या वर्षी १६ वर्षांची दिसायचे होते. चित्रीकरणाने ती इतकी थकली, की पायऱ्यांवरचा सुरुवातीचा प्रवेश विश्रांतीनंतर ऑक्टोबर १९३९ मध्ये पांढऱ्या झालरीच्या पोशाखात पुन्हा घ्यावा लागला. डोळ्यांत निळसर छटा होती, म्हणून हिरवा रंग कपड्यांतून जवळ आणला. वेशभूषाकार वॉल्टर प्लंकेटचा मखमली पडद्याचा पोशाख आठवा. कापड पडद्याचे, कमरेला दोर-गोंडाही पडद्याचाच! मागावरच्या कापडात वाढलेल्या सोलापूरकराला ही गंमत समजावून सांगायला नको. खिशात दमडी नाही आणि ऐट मात्र राणीची, हे संवादाआधी कापडच सांगून टाकते.

आता मालिका. व्हॅली कच्ची नटी नाही. 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह'मधली तिची परिचारिका पाहावी. पण तिचा चेहरा मऊ, नजर शांत, ओठ आणि डोळे एकच गोष्ट सांगणारे. अशी निवड का झाली, याचे उत्तर संहितेत आहे. मूळ कादंबरीतली स्कार्लेट लाकडाच्या गिरणीत स्वस्तात कैदी राबवते, बहिणीचा ठरलेला नवरा पळवते. मालिकेत ती आयर्लंडला जाते आणि पुढे लंडनच्या न्यायालयात खुनाच्या आरोपाखाली उभी राहते. कट करणारी बाई सोसणारी झाली, की सोशिक चेहराच योग्य वाटणार. टिमथी डाल्टनचा नायक ऱ्हेट त्यामानाने सुटला, कारण त्याचा तिरकसपणा थोडा तरी शिल्लक ठेवला होता.

आपल्याकडेही गाजलेल्या मालिकांची दुसरी पर्वे येतात आणि एखाद्या सोमवारी खाली पट्टी फिरते, 'ही भूमिका आता अमुक साकारतील'. निवड करणाऱ्यांनी चाचणीला नव्या भागातला प्रवेश देऊ नये. तो त्या नटीच्या मापाने आधीच बेतलेला असतो. जुन्या भागातले दोन द्यावेत, एक लबाडीचा आणि एक हरल्याचा. दोन्ही एकाच दिवशी, कमीत कमी रंगभूषेत चित्रित करावेत आणि आवाज पूर्ण बंद करून पाहावेत.

आपले,
हौशी रंगभूमीवरील काही रंगभूषाकार-वेशभूषाकार,
सोलापूर