राखी बांधायला निघालेली लॉरेन

महोदय,

‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटाला ४० वर्षे झाल्यानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नायक पहिल्याच चित्रपटात भविष्यात, २१ ऑक्टोबर २०१५ ला जातो, असे त्यात म्हटले आहे. एक दुरुस्ती सुचवते. नायक २१ ऑक्टोबर २०१५ या तारखेला जातो तो दुसऱ्या भागात, आणि तो भाग आला १९८९ मध्ये. ३ जुलै १९८५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या पहिल्या चित्रपटात हा नायक, मार्टी, कालयंत्रातून मागे जातो. २६ ऑक्टोबर १९८५ च्या पहाटे निघून ५ नोव्हेंबर १९५५ ला पोहोचतो. पत्र एवढ्यावरच संपायचे. पण दुसऱ्याची चूक काढण्याआधी आपली खात्री करावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा कळले की त्याची गोष्ट मला ३६ वर्षे चुकीचीच माहीत होती.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८९ च्या मे महिन्यात, मिरजेला आजोळी. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. दोन हिंदी कॅसेटी सर्वांसाठी आणि एक इंग्रजी, कॉलेजात जाणाऱ्यांच्या हट्टाखातर. मी दहा वर्षांची. इंग्रजी कोणालाच धड येत नव्हते, म्हणून अकरावीतला माझा मामेभाऊ, सगळ्यांचा दादा, टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसला आणि मोठमोठ्याने मराठीत सांगू लागला. पुढ्यात आजी, मागे मामी, शेजारच्या दोन काकू.

दादाच्या सांगण्यानुसार पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे डॉक ब्राऊन हे मार्टीचे मामा होते. (यात त्याचा फार दोष नाही. सतरा वर्षांचा पोरगा आणि हा म्हातारा शास्त्रज्ञ यांची दोस्ती जमली कशी, हे चित्रपट सांगतच नाही.) १९५५ मध्ये पोहोचल्यावर मार्टीला त्याची आई लॉरेन भेटते, ती अजून शाळेत शिकणारी मुलगी, आणि ती या अनोळखी मुलावर भाळते. इथे दादाने आजीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “हिला तो भावासारखा वाटतोय. आता ती त्याला राखी बांधणार आहे.” आजी म्हणाली, “वाटणारच. रक्त ओळखतं.” नंतर उभ्या गाडीत दोघे बसतात त्या प्रसंगी नेमकी “टेप अडकली” आणि दादाने ती पुढे पळवली. मी ही गोष्ट शाळेत, पुढे हॉस्टेलवर आणि लग्नानंतर नवऱ्यालाही राखीसकटच सांगितली.

तर यंदा सबटायटल लावून पाहिला आणि राखी कुठेच नाही! आई मुलाच्या प्रेमात पडते आणि मुलगा घामाघूम होऊन तिला आपल्या होणाऱ्या बापाच्या गळ्यात घालायला धडपडतो. अख्खा विनोद तर याच्यावरच उभा आहे. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि त्यांचे सहलेखक बॉब गेल यांची ही संहिता चाळीसहून जास्त वेळा परत आली होती, असे गेल सांगतात. बाकीच्या स्टुडिओंना ती फारच सोज्वळ वाटली, आणि डिस्नेने मात्र आई-मुलाच्या या प्रकरणापायी हात जोडले. म्हणजे डिस्नेचे आणि आमच्या दादाचे मत एकच पडले. गंमत पुढेच आहे. ज्या प्रसंगी टेप अडकली होती, त्यात लॉरेन मार्टीचे चुंबन घेते, गोंधळते आणि म्हणते की हे काहीतरी चुकतेय, आपण भावाचे चुंबन घेतोय असे वाटतेय. मी रिमोट खाली ठेवून दोन मिनिटे हसत होते.

चांगल्या प्रिंटमुळे आणखी एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. मार्टी निघतो त्या मॉलचे नाव ‘ट्विन पाइन्स’. १९५५ मध्ये तिथे एका शेतकऱ्याची जमीन असते आणि पळण्याच्या घाईत मार्टी त्याच्या दोन पाइन झाडांपैकी एक गाडीखाली घालतो. परत येतो तेव्हा पाटीवर लिहिलेले असते ‘लोन पाइन मॉल’. कोणी एक शब्द बोलत नाही, कॅमेराही रेंगाळत नाही. आमच्या कॅसेटवर टीव्हीभर मुंग्या धावत होत्या, तिथे पाटी कोण वाचणार?

गाडीचे वेड मात्र तेव्हाचेच. संहितेत कालयंत्र आधी फ्रिजसारखे होते. पोरे बघून घरच्या फ्रिजमध्ये जाऊन बसतील या भीतीने ते बदलले आणि डिलोरियन आली. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ तयार होणारी, स्टेनलेस स्टीलच्या अंगाची, दारे पंखासारखी वर उघडणारी. जेमतेम ९,००० गाड्या निघाल्या आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. बुडालेल्या कंपनीच्या गाडीला ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेगाने काळाच्या पलीकडे पळवायचे, हे मला आजही शहाणपणाचे वाटते. नवीकोरी यशस्वी गाडी असती तर ती जाहिरात वाटली असती.

मार्टीच्या भूमिकेत आधी एरिक स्टोल्ट्झ होता. काही आठवडे चित्रीकरण झाल्यावर त्याला बदलून मायकेल जे. फॉक्सला घेतले. फॉक्स दिवसा टीव्ही मालिकेत आणि रात्री या चित्रपटात काम करत असे. १९५५ च्या चौकात तो ज्या भांबावलेल्या डोळ्यांनी उभा असतो, त्यात थोडी खरी अपुरी झोप असावी असा माझा संशय आहे. १९९१ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले. स्केटबोर्डवरून तो चौकाला गरका मारतो तो प्रसंग म्हणून मी दोनदा पाहिला.

माझी तेरा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तिला गाडीत फारसा रस नव्हता. तिने विचारले, “ज्या बिफने आजीवर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तोच शेवटी त्यांच्या दारात गाड्या पुसतोय? आणि आजी काही बोलत नाही?” (मार्टीच्या आईला ती आपली ‘आजी’ म्हणत होती, हे चित्रपटाच्या हिशेबाने बरोबरच.) माझ्याकडे उत्तर नव्हते. १९८९ मध्ये आम्ही त्या प्रसंगाला टाळ्या वाजवल्या होत्या, गुंडाची जिरली म्हणून. गाण्याचेही तसेच. मार्टी नाचाच्या कार्यक्रमात चक बेरीचे ‘जॉनी बी. गूड’ वाजवतो. खरे गाणे आले १९५८ मध्ये, आणि इथे चकचा भाऊबंद त्याला फोनवरून ते ऐकवतो. मुलगी म्हणाली, “मग गाणं बनवलं कोणी?” कोडे म्हणून ते झकास आहे. पण एका कृष्णवर्णीय कलावंताचे गाणे त्यालाच एक गोरा पोरगा ऐकवतो, हा विनोद आता माझ्या घशाखाली उतरत नाही. डॉकच्या मागावर आलेल्या लिबियन दहशतवाद्यांचे सोंग तर तेव्हाही भिकारच होते.

मग हिशेब निघाला. मार्टी ३० वर्षे मागे गेला. आज ही गेली तर १९९५ मध्ये उतरणार. मला १९५५ पुराणातले वाटायचे, हिला १९९५ तसेच वाटते. ती म्हणाली, “आई, तू तेव्हा कशी होतीस?” मी म्हणाले, सरळ. कॉलेज, घर आणि अभ्यास. नेमके पडद्यावर १९८५ ची लॉरेन सुरुवातीलाच असेच सांगत असते, आपण कधी मुलांच्या मागे लागलो नाही म्हणून. माझी आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती न बघताच म्हणाली, “गणपती दूध प्यायला तो दिवस सांग की तिला.”

२१ सप्टेंबर १९९५. सांगलीतही देवळापुढे रांगा लागल्या होत्या. मी घरातून वाटी-चमचा आणि दूध घेऊन निघाले, ते दूध कोपऱ्यावरच्या मांजराला पाजले आणि मैत्रिणींबरोबर ‘रंगीला’ला गेले. तीन तासांनी परत येऊन रिकामी वाटी आईपुढे धरली आणि सांगितले, सगळे प्यायला. आईने वाटी कपाळाला लावून ओट्यावर ठेवली होती. मला वाटत आले होते की खपून गेले.

“तुझ्या रुमालात पॉपकॉर्न होते,” आई म्हणाली. तीस वर्षांत तिने हे एकदाही काढले नव्हते. मुलगी सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली. मांजराचा भाग मात्र आईलाही नवा होता. त्यावर तिने जपमाळ बाजूला ठेवली आणि पुढची पंधरा मिनिटे चित्रपट थांबवावा लागला.

त्याच रात्री पुण्याला दादाला फोन केला. त्रेपन्न वर्षांचा आहे आता. विचारले, राखी कुठून काढलीस? तो म्हणाला, “अगं, पुढ्यात आजी बसली होती. काय सांगायला पाहिजे होतं मी?” मग त्याला आठवले की चित्रपट संपल्यावर आजीने रेवतीची गोष्ट सांगितली होती. मुलीसाठी वर विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तिथे गाणे चालू होते म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. हे ऐकून ब्रह्मदेव हसला. म्हणजे आजीला तीस वर्षांचे काय कौतुक असणार! हे मी साफ विसरले होते.

दुसरा भाग बघायला दादा नाताळात सांगलीला येतो म्हणाला. मुलीने अट घातली आहे की रिमोट तिच्या हातात राहील.

आपली,
एक वाचक, सांगली