कुंभात खोल्यांचे दर कोण पाहणार?

महोदय,

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. रस्ते, घाट, पूल यांची चर्चा रोज होते. भाविकाने रात्री टेकायचे कुठे आणि कितीला, हा विषय मात्र कुणी काढत नाही. २०२३च्या विश्वचषकाच्या वेळी अहमदाबादेत काय झाले ते आठवावे. सामन्याच्या तारखा कळताच खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढले होते.

गर्दीत भाव वाढणारच, त्याबद्दल तक्रार नाही. खरी लूट वेगळीच असते. आधी कमी दरात पक्के केलेले बुकिंग ‘सिस्टीमची चूक’ म्हणून रद्द करायचे आणि तीच खोली दुसऱ्याला चढ्या भावात द्यायची. पैसे परत मिळतात, पण ऐनवेळी दुसरीकडे जागा मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ ही हेल्पलाइनही आहे; पण स्नानाच्या आदल्या रात्री पोराबाळांसह रस्त्यावर उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

हॉटेलांना तारे (स्टार दर्जा) देण्याची केंद्राची पद्धत ऐच्छिक, त्यामुळे साध्या लॉजना त्याचा धाक नाही. म्हणून पर्यटन संचालनालय आणि कुंभमेळा प्राधिकरणाने प्रत्येक लॉजकडून कमाल दर आताच लेखी घ्यावा, तो संकेतस्थळावर आणि काउंटरवर लावावा. पक्के बुकिंग मोडणाऱ्याने त्याच दर्जाची पर्यायी खोली स्वखर्चाने द्यावी. प्रयागराज महाकुंभावेळी विमान भाड्यांबाबत डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने कंपन्यांना समज दिली होती. लॉजमालकांना तेवढी तरी कुणी द्यावी.

– एक वाचक, नाशिक