खेकड्याचे बीळ

डेल्फ्ट, नेदरलँड्स

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र सावंतवाडीहून पोहोचले. गोव्यातल्या पेडण्याच्या आपल्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीचा, बांध पुन्हा फुटून खारे पाणी शेतात शिरल्याचे वाचून वाईट वाटले. पण आमदारांना निवेदन दिले आहे, देवाला गाऱ्हाणे घातले आहे, आता वाट पाहायची, हे पुढचे वाक्य अधिक खटकले. मीही दरवर्षी जत्रेला पैसे पाठवतो, तेव्हा गाऱ्हाण्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु जिथे भगदाड पडले, तिथे आधी खेकड्याचे बीळ असणार, आणि ते बुजवणे हे आमदारांचेही काम नव्हते, देवाचेही नव्हते.

आजोबा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून फिरत आणि बीळ दिसले की चिखल दाबून बुजवत. बांधातल्या मानशीचे (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीचे) दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते हे खरे, पण त्यात ओंडका अडकला तर तो काढायला माणूसच लागतो. पूर्वी हे काम गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, शिस्तीत होई. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते हळूहळू कूळ संघांकडे आणि सरकारकडे गेले, आणि सगळ्यांचे झाले तसे कोणाचेच राहिले नाही. मानशीच्या मासळीच्या लिलावाचे पैसे बांधासाठी असताना आपल्या वाड्याने ते देवळाच्या मंडपाला दिले, त्या बैठकीत तुम्ही आणि मी दोघेही गप्प होतो. जास्त मासळीसाठी भरतीला दार उघडे ठेवणाऱ्यालाही कोणी हटकले नाही. कोरगुटासारखे खार सोसणारे भातसुद्धा असे सतत बुडाल्यावर टिकत नाही.

या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध आणि पाणी सांभाळणारी मंडळे इथे तेराव्या शतकापासून आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते आणि माझ्यासारख्या भाडेकरूलाही त्यांचा वेगळा कर भरावा लागतो. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, त्याने फावडे बांधात रोवून जमीन सोडावी, असा जुना दंडक होता. म्हणून इथली माणसे आपल्याहून जागरूक, असे मात्र समजू नये. बांध कमकुवत असल्याचे इशारे मिळूनही काम रेंगाळले आणि 1 फेब्रुवारी 1953 च्या पुरात 1,836 माणसे गेली. त्यानंतरचे अवाढव्य बंधारे सरकारनेच उभारले, ते फावड्याने होणारे नव्हतेच. आपले भगदाड दगडाने बांधून काढायलाही सरकार लागेल, त्याबद्दल वाद नाही; बीळ मात्र आपलेच होते.

एप्रिलमध्ये मी तीन आठवड्यांच्या रजेवर येत आहे. तोवर काकांकडून पौर्णिमेच्या ओहोटीला भगदाडाची लांबी मोजून घ्यावी आणि लिलावाच्या बैठकीची तारीख कळवावी. या वेळी मी तिथे बोलणार आहे. जत्रेची वर्गणी यंदा निम्मीच पाठवली असून उरलेली रक्कम बांधासाठी ठेवली आहे. आईला ते रुचणार नाही, तिची समजूत तुम्हीच काढावी.

आपला आज्ञाधारक,
धाकटा