बाबा, तुमच्याकडून बॉयलर शिकायचाय

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, मी नक्की काय काम करते हे तू फोनवर दोनदा विचारलंस. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आणि बाबा, मला तुमच्याकडून एक मदत हवी आहे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॉटच्या युनिटवर तुम्ही ‘ड्रम लेव्हल’, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, म्हणालात की सगळ्यांना कळायचं. तीच लेव्हल माझ्यासमोर तीन नावांनी येते. ड्रॉइंगवर एलटी (लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पातळी मोजून कळवणारं उपकरण) आणि पुढे आकडा, डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेत, लांबलचक टॅग, मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता उपकरण क्रमांक. दाब एकीकडे किलोत (चौरस सेंटीमीटरला किलो), दुसरीकडे बारमध्ये. एक किलो म्हणजे ०.९८ बार, फरक थोडाच, पण कुठला आकडा कशात आहे हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. जुन्या माणसाला ते तोंडपाठ असतं, संगणकाला नाही.

हे संगणकाला कळावं म्हणून मी प्लांटची ऑन्टॉलॉजी लिहिते. ऑन्टॉलॉजी म्हणजे प्लांटमध्ये कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे यंत्राला वाचता येईल असं लिहून ठेवणं. हा पंप या ड्रमला पाणी देतो, हा ट्रान्समीटर त्याच ड्रमची लेव्हल मोजतो. आई, ‘आईची बहीण ती मावशी’ एवढा नियम लिहिला आणि तुझ्या बहिणी कोण ते सांगितलं, की माझ्या मावश्या कोण हे यंत्र आपणहून काढतं. ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी ओडब्ल्यूएल नावाची भाषा २००४ साली प्रमाणित झाली.

याचा उपयोग काय? १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. ते वाचल्यापासून मला राहून राहून कंट्रोल रूममधल्या माणसांचा विचार येतो. ड्रमला पाणी देणारा फीड पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की मागोमाग फ्लो लो, ड्रम लेव्हल लो, एकेक वाजायला लागतं. ही नाती लिहिलेली असतील तर पडद्यावर आधी पंप दिसेल आणि बाकीचे अलार्म त्याचे परिणाम म्हणून त्याच्याखाली.

बाबा, ट्रिप आणि इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की यंत्र थांबवणारी किंवा अडवणारी व्यवस्था, आहेत तिथेच राहतील. तीनपैकी दोन ट्रान्समीटरनी सांगितलं की ट्रिप, हे काम कंट्रोलरचंच. आमच्या यंत्रणेला तर्क करायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, म्हणून तिला फक्त वाचायची मुभा, व्हॉल्व्हला हात लावायची नाही. या मुद्द्यावर मी मीटिंगमध्ये कुणाचंही ऐकत नाही.

ओडब्ल्यूएल या भाषेची एक गोष्ट मला फार आवडते. जे लिहिलेलं नाही ते ‘नाहीच’ असं ती धरत नाही, ‘माहीत नाही’ एवढंच धरते. ड्रॉइंगवर बायपास (वळसा घालून जाणारा पाइप) दिसत नाही म्हणून साइटवर तो नसेलच, असं तुम्हीही कधी मानलं नाहीत.

पण नियम लिहायला प्लांट पाहिलेला माणूस लागतो. ‘प्रत्येक बॉयलरला ड्रम असतो’ हे वाक्य खापरखेड्याला खरं, पण कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल युनिटांना ड्रमच नाही. तिथे दाबच इतका असतो की पाण्यातून वाफ वेगळी करायचा प्रश्न येत नाही. असे बारकावे पुस्तकातून थोडे मिळतात, बाकीचे तुमच्यासारख्यांकडून.

तेव्हा दिवाळी झाली की आठवडाभर इकडे या. एकेक अलार्म घेऊन बसू. तो का येतो, त्याच्यामागे काय येतं, तुम्ही सगळ्यात आधी कुठे बघायचात. तुम्ही बोला, मी लिहून घेते. तुमच्या शिफ्टच्या डायऱ्या कपाटात असतील तर त्या नक्की आणा, खाडाखोड केलेली पानंसुद्धा. आई, तूही ये. वर्धेहून सकाळच्या गाडीनं निघालात तर मी स्टेशनवर घ्यायला येईन. तारीख ठरली की कळवा, तशी रजा टाकते.

तुमची,
मनू